रकाना रिकामा सोडू नये: रीबूटला अडलेल्या गेस्टचं प्रकरण

व्हीएम, म्हणजे मशीनच्या आत चालणारं आभासी मशीन (हाच गेस्ट, आणि तो ज्याच्यावर चालतो तो होस्ट), पहिल्यांदा मस्त बूट होते, लॉगिन होतं, नेटवर्क येतं, सगळं ठणठणीत. आतून रीबूट मारला की मेली. क्यूएमू, म्हणजे ती व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, एक ओळ टाकतं, "अनेबल टू सेट सीपीयू कॉम्पॅटिबिलिटी मोड इन केव्हीएम: इनव्हॅलिड आर्ग्युमेंट", आणि बाहेर पडतं. परत सुरू करा, पुन्हा ठणठणीत. पुन्हा रीबूट, पुन्हा तेच.

हा बग लिनक्स कर्नलच्या पॉवरपीसी केव्हीएममधला, म्हणजे आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर व्हीएम चालवणाऱ्या भागातला आहे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याचा फिक्स गेला. पॅच इतका छोटा की चहा गार व्हायच्या आत वाचून होतो, पण तो *का* लागला हे समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण सगळं भांडण एका शून्यावरून होतं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. एक्स८६ वर काम करणाऱ्यांना पॉवरची भाषा थोडी परकी वाटेल, पण दुखणं ओळखीचं आहे.

आधी घराची रचना. सगळ्यात खाली पॉवरव्हीएम, म्हणजे मशीनच्या फर्मवेअरमध्येच बसलेला हायपरवायझर (एका मशीनवर अनेक सिस्टम चालवणारा थर), त्याला एल-शून्य म्हणायचं. त्याच्यावर एका पार्टिशनमध्ये लिनक्स चालतं, ते एल-एक. त्या लिनक्समध्ये केव्हीएम आणि क्यूएमू वापरून आपण आणखी एक गेस्ट चालवतो, तो एल-दोन. सोप्या भाषेत मालक, भाडेकरू आणि पोटभाडेकरू. मरतोय तो पोटभाडेकरू, आणि त्याची मालकाशी थेट ओळख नाही, जे काय बोलायचं ते भाडेकरूमार्फत.

आता कॉम्पॅट मोड म्हणजे काय ते. समजा तुमच्याकडे काही मशीन्स पॉवर९ ची आहेत आणि काही पॉवर१० ची, आणि चालू गेस्ट एकीकडून दुसरीकडे हलवायचाय, न थांबवता. गेस्ट पॉवर१० वर जन्माला आला आणि आतल्या प्रोग्रामने पॉवर१० च्या नव्या इन्स्ट्रक्शन वापरायला सुरुवात केली, की तो पॉवर९ वर नेल्या नेल्या इल्लीगल इन्स्ट्रक्शन म्हणून कोसळणार. त्यामुळे पॉवर१० लाच सांगून ठेवायचं की या गेस्टपुरतं तू पॉवर९ आहेस असं समज, नवीन सामान दाखवू नकोस. एक्स८६ वर हेच काम क्यूएमूमध्ये जुनं सीपीयू मॉडेल निवडून करतात, स्कायलेक वगैरे, आणि मग सीपीयूआयडीतून फीचर झाकले जातात. पॉवरवर यासाठी हार्डवेअरमध्येच एक रजिस्टर आहे, प्रोसेसर कॉम्पॅटिबिलिटी रजिस्टर, पुढे नुसतं पीसीआर म्हणतो.

पीसीआरमध्ये आर्किटेक्चरच्या एकेका आवृत्तीला एकेक बिट आहे. पॉवर६ ची आवृत्ती २.०५, तिचा बिट २. पॉवर७ ची २.०६, बिट ४. पॉवर८ ची २.०७, बिट ८. पॉवर९ ची ३.०, बिट १६. बिट लावला की त्या आवृत्तीच्या पुढचं सामान युजर प्रोग्रामसाठी बंद, आणि अट अशी की एक बिट लावला तर त्याच्या वरचे सगळे ठरलेले बिटही लावायचे. २०१४ च्या कोडमध्ये हे सगळं हाताने लिहिलेलं होतं, स्विच, केस, आणि त्यात एक कॉमेंट की पॉवर७ ला पॉवर८ चं सोंग घेता येत नाही. चालत होतं, पण दर नव्या प्रोसेसरला नवी भर. मग २०१६ मध्ये पॉवर९ च्या तयारीत कुणीतरी हे बदलून चक्क वजाबाकी केली, आणि ती मला अजूनही फार आवडते. होस्टचा बिट घ्या, गेस्टला हव्या असलेल्या आवृत्तीचा बिट घ्या, पहिल्यातून दुसरा वजा करा, आलं ते उत्तर पीसीआरमध्ये टाका. बस.

करून बघा कागदावर. होस्ट पॉवर१०, त्याची आवृत्ती ३.१, तिला हिशेबापुरतं ३२ धरलंय. गेस्टला पॉवर८ व्हायचंय, म्हणजे ८. बत्तीस वजा आठ चोवीस, आणि चोवीस म्हणजे सोळा अधिक आठ, म्हणजे ३.० चा बिट लागला आणि २.०७ चाही लागला, मधला एकही सुटला नाही. गेस्टला पॉवर९ व्हायचं असेल तर बत्तीस वजा सोळा सोळा, एकच बिट. गेस्टला होस्टसारखंच व्हायचं असेल तर बत्तीस वजा बत्तीस शून्य, काहीच बंद नको. आणि गेस्टचा बिट होस्टपेक्षा मोठा निघाला तर सरळ ई-इनव्हॅल, म्हणजे तीच इनव्हॅलिड आर्ग्युमेंटची एरर, जे अंगात नाही त्याचं सोंग घेता येत नाही. सगळे बिट दोनाच्या घाताच्या संख्या असल्यामुळे वजाबाकीतून मधल्या सगळ्या पायऱ्या आपोआप भरतात, शाळेत हातचा घेताना मधल्या शून्यांचे नऊ व्हायचे तसं काहीसं.

इथे एक उपकथा सांगून टाकतो कारण ती पुढे उपयोगी पडेल. पीसीआरचा अर्थ उलटा आहे, बिट एक म्हणजे बंद आणि शून्य म्हणजे चालू. साधारण रिवाज असा की राखीव बिट शून्य ठेवायचे, आणि कर्नलही तसंच करत होता. पण इथे त्याचा परिणाम असा की उद्या नवा प्रोसेसर आला, त्याने राखीव बिटांतला एक नव्या फीचरला दिला, की जुन्या कर्नलने त्या बिटावर ठेवलेलं शून्य म्हणजे ते फीचर आपोआप *चालू*, जे त्या बिचाऱ्या कर्नलला माहीतच नाही. म्हणून २०१९ मध्ये बदल झाला आणि ओळखीचे नसलेले सगळे बिट मुद्दाम एक करून ठेवायला लागले. बघा, तिथेही शून्यच. कुणी नाही म्हटलं नाही म्हणजे हो, असं प्रोसेसर धरून चालला होता.

असो. पीसीआर हे खालचं यंत्र. वरती बोलणी वेगळ्या आकड्यात होतात, लॉजिकल पीव्हीआर नावाच्या. पीव्हीआर म्हणजे प्रोसेसरचा खरा ओळख क्रमांक, तर लॉजिकल पीव्हीआर म्हणजे सोंगाचा क्रमांक. हेक्समध्ये सगळे ०एफ ने सुरू होतात. पॉवर८ म्हणजे ०एफ०००००४, पॉवर९ म्हणजे ०एफ०००००५, पॉवर१० म्हणजे ०एफ०००००६. गेस्ट लिनक्स अगदी सुरुवातीला, स्वतःचे कपडेही घातलेले नसताना, फर्मवेअरला एक यादी देतं की मला हे हे प्रोसेसर समजतात. या बोलणीला क्लायंट आर्किटेक्चर सपोर्ट म्हणतात, लोक कॅस म्हणतात. यादीतून क्यूएमू सगळ्यात नवं जमणारं निवडतं, केव्हीएमला सांगतं की हा गेस्ट आता अमुक मोडमध्ये, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे गेस्टला दिलेल्या हार्डवेअरच्या यादीत, सीपीयू-व्हर्जन म्हणून तोच आकडा लिहून देतं. गेस्ट मग त्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

आता तो शून्य. क्यूएमूमध्ये मॅक्स-सीपीयू-कॉम्पॅट असा मशीनचा ऑप्शन आहे, पॉवर९ च्या वर जाऊ नकोस वगैरे सांगायला. बहुतेक जण तो देतच नाहीत. दिला नाही की आत त्याची किंमत शून्य. आणि क्यूएमू आणि केव्हीएम यांच्यात कित्येक वर्षांचा करार असा की कॉम्पॅटच्या जागी शून्य आलं म्हणजे "माझी काही खास मागणी नाही, होस्ट जसा आहे तसा चालेल." घरी कुणी विचारलं चहा कसा हवा आणि आपण म्हटलं तुम्ही घ्याल तसा, तो हा शून्य. त्यात आकडा काहीच नाही, नुसता निरोप आहे. केव्हीएमचा कोडही हे पाळत होता, शून्य आलं तर गेस्टचा बिट म्हणजे होस्टचाच बिट, वजाबाकी शून्य, काही बंद नाही.

तर मग पहिला बूट चालतो आणि रीबूट का नाही? हा प्रश्न मला एका मित्राने विचारला, फोनवर, जेवता जेवता. म्हणाला, "अरे, दोन्ही वेळेला शून्यच ना? मग पहिल्यांदा का नाही मरत?" मी म्हटलं बघून सांगतो, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत हा प्रश्न मला पडलाच नव्हता, मी सरळ कर्नलच्या कोडमध्ये घुसलो होतो. उत्तर कर्नलमध्ये नाहीच, क्यूएमूमध्ये आहे.

क्यूएमूचं कॉम्पॅट लावायचं जे फंक्शन आहे त्यात एक साधी बचत आहे. नवी किंमत आणि आत्ताची किंमत वेगळी असेल तरच केव्हीएमला कॉल करायचा, सारखीच असेल तर कशाला त्रास द्या. पहिल्या बूटला सीपीयूच्या खात्यात शून्य, मशीन रीसेट म्हणतं शून्य कर, दोन्ही सारखे, कॉल जातच नाही. मग गेस्ट उठतो, कॅसची बोलणी होतात, ठरतं पॉवर१०, आता शून्यावरून ०एफ०००००६, वेगळं आहे, कॉल जातो आणि यशस्वी होतो. गेस्ट चालतो. रीबूट आला की क्यूएमू म्हणतं झालेली बोलणी रद्द, पहिल्यापासून सुरू, म्हणजे कमाल मर्यादेवर परत जा, म्हणजे शून्य. आता खात्यात ०एफ०००००६ आणि हवंय शून्य. वेगळं आहे! आयुष्यात पहिल्यांदा केव्हीएमला शून्य जातं. केव्हीएम म्हणतं इनव्हॅलिड. आणि त्या जागी क्यूएमूने एरर आली तर थेट प्रोसेस संपव असं लिहून ठेवलंय, त्यामुळे दुसरी संधी नाही.

मित्राला हे मेसेज केलं तर त्याचं उत्तर, "म्हणजे टेस्ट करणाऱ्यांनी फक्त बूट बघितलं." मी गप्प बसलो कारण मीही तेच करतो.

बरं, पण शून्याचा करार इतका जुना, मग तो मोडला कसा? इथे खरी गंमत आहे. पॉवरवर गेस्टमध्ये गेस्ट चालवायच्या दोन पद्धती झाल्या. पहिली २०१८ ची, जिच्यात खालीही लिनक्स केव्हीएमच असायचं. तिच्यात भाडेकरू दर वेळी पोटभाडेकरूला चालवताना मालकाला एक भरलेला ढाचा द्यायचा, आणि त्या ढाच्यात पीसीआर तयार स्वरूपात असायचा. म्हणजे वजाबाकी भाडेकरूने आपल्या घरी करायची आणि उत्तर तेवढं मालकाला द्यायचं. लॉजिकल पीव्हीआरचा आकडा, शून्य असो नाहीतर आणि काही, मालकापर्यंत जायचाच नाही.

दुसरी पद्धत म्हणजे व्हर्जन दोन, पॉवरव्हीएमसाठी बनवलेली, लिनक्स ६.७ मध्ये आली. तिच्यात पोटभाडेकरूची सगळी स्थिती मालकच सांभाळतो. भाडेकरूने आधी विचारायचं तुमच्याकडे कुठले मोड चालतात, मग गेस्ट बनवायचा, मग व्हीसीपीयू, म्हणजे त्याचे आभासी प्रोसेसर, बनवायचे, आणि जे बदललंय ते गेस्ट स्टेट बफर नावाच्या पाकिटात घालून पाठवायचं. पाकिटात प्रत्येक गोष्टीला क्रमांक आणि किंमत. आणि त्या यादीत लॉजिकल पीव्हीआर आहे. सगळ्या गेस्टला मिळून एकच, दर व्हीसीपीयूला वेगळा नाही. म्हणजे जो आकडा इतकी वर्षं घरातल्या घरात फिरत होता तो पहिल्यांदाच सोसायटीच्या फॉर्मवर लिहावा लागला. आणि आपल्याकडच्या प्रत्येक सरकारी फॉर्मच्या खाली जे लिहिलेलं असतं तेच पॉवरव्हीएमचंही म्हणणं, कोणताही रकाना रिकामा सोडू नये. शून्य चालणार नाही.

पण गंमत अशी की पहिला नकार पॉवरव्हीएमने दिलाच नाही, तो आपल्याच केव्हीएमने दिला. व्हर्जन दोन आणताना सेट-आर्च-कॉम्पॅट या फंक्शनमध्ये एक तपासणी घातली होती, बरोबर हेतूने. गेस्टने जो मोड मागितलाय तो मालकाला चालतो का? त्यासाठी स्विचमध्ये पॉवर९ आलं तर पॉवर९ ची क्षमता, पॉवर१० आलं तर पॉवर१० ची क्षमता, अशी एक किंमत भरायची आणि मालकाने दिलेल्या यादीशी अँड करून, म्हणजे दोन्हीकडे सामाईक बिट आहे का ते, बघायची, शून्य आलं तर ई-इनव्हॅल. आता मोडच शून्य असेल तर स्विचच्या आत कुणी शिरतच नाही, क्षमता भरलीच जात नाही, ती शून्यच राहते, आणि शून्य अँड काहीही शून्य. झालं. "माझी काही मागणी नाही" याचं भाषांतर झालं "मला जे हवंय ते तुमच्या यादीत नाही." गंमत म्हणजे त्याच फंक्शनमध्ये काही ओळी वरती शून्याचा अर्थ नीट हाताळलेला होता, गेस्टचा बिट होस्टइतका केलेला होता. एकाच खोलीत दोन माणसं, एकाला करार माहीत, दुसऱ्याला नाही.

हा दरवाजा उघडला तरी काम होत नाही, पुढे दुसरा आहे. तपासणी सुधारली की शून्य पाकिटात जातं, पॉवरव्हीएम ते नाकारतं, आणि गेस्ट "रीस्टार्टिंग सिस्टम" छापल्यावर पुढची ओळ येते, "केव्हीएम: अननोन एक्झिट, हार्डवेअर रीझन" आणि पुढे हेक्समध्ये चौदा एफ आणि शेवटी ईए. असा आकडा दिसला की पहिल्यांदा पोटात गोळा येतो, काहीतरी हार्डवेअर बिघडलंय वाटतं, कारण लिहिलंयच हार्डवेअर रीझन. पण एवढे एफ ओळीने दिसले की आधी ऋण संख्या म्हणून वाचायची सवय लावून घ्या. शेवटचं बाईट ईए, म्हणजे चौदा गुणिले सोळा अधिक दहा, दोनशे चौतीस. दोनशे छप्पन वजा दोनशे चौतीस बावीस. म्हणजे उणे बावीस, आणि बावीस म्हणजे ई-इनव्हॅलच! हार्डवेअरचा काही संबंध नाही, आतल्या फंक्शनने परत केलेली साधी एरर कुणीतरी बाहेर पडण्याचं कारण समजून छापली. ही दुसरी एरर माझ्या मते मूळ बगपेक्षाही जास्त वेळ खाणारी आहे, कारण ती माणसाला चुकीच्या मजल्यावर पाठवते.

आता दुरुस्ती कुठे करायची? तीन जागा होत्या. क्यूएमूला सांगायचं की शून्य पाठवू नकोस. पण क्यूएमू कराराप्रमाणे वागत होतं, आणि कर्नलचा अलिखित कायदा असा की युजरस्पेस जे काल करत होतं ते आज मोडायचं नाही, शिवाय जुनी क्यूएमू लोकांकडे असणारच. दुसरी जागा पॉवरव्हीएम, त्याने शून्य स्वीकारावं. होऊ शकतं, पॅचच्या वर्णनातच लिहिलंय की पुढे त्यांनी तशी सोय केली तर हा भाग पुन्हा लिहावा लागेल, पण फर्मवेअर बदलायची वाट बघत गेस्ट रीबूट न करता बसणार का. राहिली तिसरी जागा, मधला भाडेकरू, म्हणजे एल-एकचा केव्हीएम. दोन्ही भाषा येणारा तोच, म्हणून भाषांतर त्याच्याच माथी.

पॅच दोन गोष्टी करतो. एक, क्षमता आता स्विचमध्ये भरत नाहीत, वजाबाकीसाठी जो गेस्टचा बिट आधीच ठरलाय त्यावरूनच काढतात. तो बिट शून्याच्या वेळी होस्टचा असतो, त्यामुळे तपासणी आपोआप बरोबर होते. दोन, पाकिटात लॉजिकल पीव्हीआर भरताना बघायचं की आपल्याकडे शून्य आहे का, असेल तर होस्ट ३.१ चा असल्यास ०एफ०००००६ भर, ३.० चा असल्यास ०एफ०००००५, नसेल शून्य तर आहे तेच.

यातली मला पटलेली बारीक गोष्ट ही की केव्हीएमच्या स्वतःच्या वहीत शून्य शून्यच राहतं. सेट करतानाच ते बदलून टाकलं असतं तर चार ओळी वाचल्या असत्या. पण मग क्यूएमूने शून्य लिहून परत वाचलं तर त्याला भलतंच काहीतरी मिळालं असतं, आणि "काही मागितलं नव्हतं" ही माहितीच कायमची पुसली गेली असती. मागणी आणि तिचा आज लागलेला अर्थ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. भाषांतर फक्त उंबरठ्यावर, पाकीट बंद करताना. मी एकदा एका कामात नेमकं उलटं केलं होतं, कोट्याचा रकाना रिकामा असेल तर त्या दिवसाची कमाल मर्यादा भरून सेव्ह करायची, आणि वर्षभराने मर्यादा वाढवली तेव्हा कुणाला वाढवून द्यायची आणि कुणी ती जाणूनबुजून मागितली होती हे सांगता येईना. सगळे आकडे सारखेच दिसत होते.

न पटलेली गोष्ट पण आहे, छोटी. शून्याचं भाषांतर ही आता एक शिडी झाली, ३.१ असेल तर हे, ३.० असेल तर ते. वजाबाकीने जी दर नव्या प्रोसेसरची भर टाळली होती ती दुसऱ्या दाराने परत आली. आणि त्याला फार दिवस लागले नाहीत. पॉवर११ ची तयारी लगेच सुरू झाली, तो २०२५ मध्ये बाजारात आला, आणि त्याची अडचण अशी की त्याची आर्किटेक्चर आवृत्ती पॉवर१० चीच आहे, ३.१, पण लॉजिकल पीव्हीआर वेगळा, ०एफ०००००७. म्हणजे आवृत्ती बघून आकडा ठरवायची जी शिडी होती तिला दोन भाऊ एकसारखेच दिसायला लागले, पीसीआरचा बिटही दोघांचा एकच. शेवटी कर्नलमध्ये "हा पॉवर११ आहे" एवढंच सांगणारी एक वेगळी खूण घालावी लागली आणि शिडीला वरून एक पायरी जोडली.

मित्राला पॉवर११ चं सांगितलं तर त्याने विचारलं, "रीबूट करून बघितलं का त्याच्यावर?"